वऱ्हाडातील दंड आणि छातीच्या व्यायामातील कोनाचा प्रश्न

अमरावती किंवा अकोला या दोन नगरांतील कोणत्याही आधुनिक व्यायामशाळेत सायंकाळी पाऊल टाकावे, बेंच प्रेसच्या बाकाभोवती एक वाद हमखास कानी पडतो. बाक सपाट ठेवावा की तिरपा करावा? तिरपा केल्यास त्याची पाठ कितव्या खाचेत अडकवावी? आणि डोके खाली व पाय वर असा उलटा उतार दिल्यास छातीचा खालचा भाग खरोखरच भरतो काय? वाद घालणारे तरुण बहुधा असे समजतात की, हा प्रश्न बारबेलबरोबर परदेशातून आपल्याकडे आला. त्यांच्या आजोबांच्या पिढीतील मंडळी तितक्याच ठामपणे सांगतात की, हे सारे आपल्या दंडात होतेच, मुलांना त्याचा विसर पडला इतकेच. प्रस्तुत लेखात या दोन्ही समजुती तपासून पाहण्याचा विचार आहे. आखाड्यात कोन होता, परंतु कोनाचा प्रश्न नव्हता, असे लेखकाचे मत आहे. आणि तो प्रश्न का नव्हता याचा उलगडा बाकाच्या खाचा मोजून होणार नाही, त्यासाठी आखाड्याने छातीकडून काय मागितले ते पाहावे लागेल.

प्रथम शब्दाकडे पाहू. मराठीत ‘छाती’ हा शब्द अवयवाइतकाच धैर्याचाही वाचक आहे. एखाद्याची अमुक करण्याची छाती होत नाही, एखादी गोष्ट छातीठोकपणे सांगितली जाते, संकटापुढे छातीचा कोट केला जातो. या प्रयोगांपैकी एकातही छातीच्या आकाराचा, तिच्या वरच्या किंवा खालच्या भागाच्या उठावाचा संबंध नाही. आखाड्यातील वस्तादाच्या तोंडी छातीशी जोडून येणारा शब्द ‘दम’ हा होता. ज्याला दम आहे त्याला छाती आहे, आणि दम तपासण्याची जागा लाल मातीचा हौद ही होती. आरसा तेथे नव्हता. बाजीराव दुसऱ्याच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्लखांबाला नवे जीवन दिले, तेही कुस्तीगिराला उपयोगी पडणारे साधन म्हणून. मल्लखांबावरच्या मिठीत छातीचा स्नायू भुजा आत ओढून घेण्याचे काम करतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने त्या स्नायूचे मूळ काम हेच आहे. वजन वर ढकलणे हा त्याचा एक प्रसंगविशेष होय. मल्लखांब, मुद्गल, करेल, दगडी नाल आणि दंड या साऱ्यांत छाती राबते, पण केवळ छातीसाठी म्हणून यांपैकी एकही साधन निर्माण झालेले नाही.

यांपैकी दंड, ज्याला जोर असेही म्हणतात, हा आपल्या विषयाचा गाभा असल्यामुळे त्याचा थोडा बारकाईने विचार केला पाहिजे. दंडाच्या आरंभी तळहात व पायांची बोटे जमिनीवर असतात, कंबर उंच उचललेली असते, डोके दोन्ही भुजांच्या मध्ये येते. या स्थितीत भुजा आणि धड जवळजवळ एका रेषेत असतात. उभे राहून डोक्यावर वजन पेलणाऱ्या मनुष्याच्या भुजा व धड यांचा जो संबंध, तोच येथेही आहे. यानंतर कोपरे वाकतात, छाती दोन्ही हातांच्या मधून जमिनीला घासत जावी अशी पुढे सरकते, आणि या मधल्या टप्प्यात धड जवळजवळ आडवे असते. सपाट बाकावर निजून वजन ढकलणाऱ्याची स्थिती हीच. शेवटी कोपरे सरळ होतात, छाती वर उचलली जाते, मान मागे जाते आणि हात कंबरेच्या बाजूला येतात. येथे भुजांचा जोर धडाच्या मानाने पायांच्या दिशेने लागतो. आजच्या भाषेत बोलावयाचे तर एकाच दंडात उभा, तिरपा, सपाट आणि उलट्या उताराचा असे चारही बाक एकामागून एक येऊन जातात. जो व्यायाम एका श्वासात सर्व कोनांतून फिरतो, त्याच्या साधकाला ‘कोणता कोन?’ असे विचारण्याचे प्रयोजनच पडत नाही. सूर्यनमस्कारातही हाच प्रवास थोड्या सौम्य रूपात आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नमस्काराचा जो प्रसार केला, त्यामुळे आखाड्याचे तोंडही न पाहिलेल्या हजारो शाळकरी मुलांच्या छातीवरून हा कोनांचा पट फिरून गेला.

दंडाचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांची नावे इतिहासाच्या दृष्टीने फार बोलकी आहेत. साधा दंड, हनुमान दंड, वृश्चिक दंड, शेर दंड, सर्प दंड, चक्र दंड, पलट दंड, पार्श्व दंड ही नावे पाहावीत. विंचवाप्रमाणे पाय वर वळला की वृश्चिक, शरीर फिरले की चक्र, उलटले की पलट. नाव आकृतीवरून किंवा गतीवरून पडलेले आहे. याच मालिकेत आणखी दोन नावे आढळतात, ती म्हणजे राममूर्ती दंड आणि वक्षविकासक दंड. पहिल्याचा काळ नावावरूनच ठरतो. कोडी राममूर्ती नायडू यांचा जन्म १८८२ चा व मृत्यू १९४२ चा. छातीवरून हत्ती चालवून घेणारा आणि छाती फुगवून साखळी तोडणारा हा आंध्र मल्ल विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत भारतभर गाजला. त्याच्या नावाचा दंड त्यापूर्वीचा असू शकत नाही. दुसऱ्या नावात तर व्यायामाच्या आकृतीचा उल्लेखच नाही, त्याच्या फळाचा आहे. छातीचा विकास हे स्वतंत्र उद्दिष्ट मानले गेल्यावाचून असे नाव सुचत नाही, आणि त्याचे संस्कृतप्रचुर वळण हौदाच्या मातीतले खासच नव्हे. ते पाठ्यपुस्तकातले आहे. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली १९३६ ते १९४९ या काळात जो ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध झाला, त्याने वस्तादांच्या तोंडी असलेली विद्या छापील वर्गवारीत आणली. वर्गवारी आली की ‘हे कशासाठी?’ असा रकाना येतोच. वक्षविकासक हा शब्द त्या रकान्याचा वंशज आहे, असे मला वाटते.

आता वऱ्हाडाकडे वळू. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला हा प्रांत १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. कापसाच्या व्यापाराने अमरावती, अकोला, खामगाव ही गावे वाढली होती. येथे एक किरकोळ पण मौजेची गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ‘प्रेस’ हा शब्द वऱ्हाडी माणसाला बेंच प्रेसच्या कितीतरी आधीपासून घरचा आहे. जिनात सरकी निघालेला कापूस दाबून त्याच्या गाठी बांधणारा कारखाना तो प्रेस. त्या कारखान्यात गाठी उचलणाऱ्या हमालाच्या पाठीकडे व खांद्यांकडे पाहून शरीराचे कौतुक करणाऱ्या पिढीला छातीच्या वरच्या कडेची चिंता वाटली नसेल, तर त्यात नवल नाही. अकोल्यात आजही श्रावणातील कावडयात्रेत गांधीग्राम येथील पूर्णेचे पाणी खांद्यावरून वाहून राजराजेश्वराला घातले जाते. त्या कावडींचे अवजड भरणे पेलणाऱ्या तरुणांची कसोटी खांदा, कंबर आणि दम यांची असते.

अशा प्रदेशात १९१४ मध्ये अमरावती येथे अंबादास कृष्ण वैद्य व अनंत कृष्ण वैद्य या बंधूंनी ज्या कार्याचा आरंभ केला, ते पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर प्रसिद्धीस आले. आखाड्यात एक वस्ताद आणि त्याचे पट्टे असतात. विद्या नजरेने व स्पर्शाने दिली जाते, आणि वस्ताद गेला की तिचा बराच भाग त्याच्याबरोबर जातो. मंडळाने या विद्येला वर्ग, शिक्षक, क्रम व परीक्षा दिली. शेकडो विद्यार्थी एका मैदानावर एका हाकेसरशी दंड काढू लागले, तेव्हा दंडाचे स्वरूपही थोडे बदलणे अपरिहार्य होते. ज्याचा त्याचा दंड ज्याच्या त्याच्या दमाने चालतो. सांघिक दंड आकड्यांनी चालतो. एकला कंबर वर, दोनला छाती खाली, तीनला छाती वर असे तुकडे पडले की, अखंड वाहणाऱ्या गतीत तीन थांबे निर्माण होतात, आणि थांबा आला म्हणजे कोन आला. शिक्षकाला आता चूक दाखवता येते. ‘कंबर आणखी वर’ असे तो म्हणू शकतो. अंश मोजण्याची भाषा अद्याप आलेली नाही, परंतु तिची पूर्वतयारी येथे झालेली आहे. हे श्रेय किंवा दोष एकट्या अमरावतीचा नव्हे. मद्रासला १९२० मध्ये वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघाले, लोणावळ्याला १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून आसनांची शास्त्रीय तपासणी आरंभली. सर्व देशातच शरीर हे शिकविण्याचा आणि मोजण्याचा विषय होत होते. मंडळाच्या कार्याशी निगडित असलेल्या डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी अमरावतीजवळ तपोवन उभारले, ही गोष्ट आपल्या विषयाबाहेरची खरी. पण सुदृढ शरीराच्या उपासनेतून आलेल्या मनुष्याने झडलेल्या बोटांची सेवा पत्करावी, याचा उल्लेख टाळणे मला जमत नाही.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगी मंडळाच्या पथकाने कबड्डी व इतर भारतीय व्यायामप्रकारांचे प्रदर्शन केले. पुढे १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या दुसऱ्या लिंगियाडमध्येही मंडळाचे पथक गेले. या दोन प्रवासांचे वर्णन आपल्याकडे नेहमी गौरवाच्या सुरात केले जाते, आणि तो गौरव योग्यच आहे. तथापि अभ्यासकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रदर्शन हे मुळातच पाहणाऱ्यासाठी असते. हौदातील दंड कोणी पाहावा म्हणून काढला जात नव्हता. मैदानावरील दंड पाहण्यासाठीच होता. शरीर दिसावे कसे हा प्रश्न अशा रीतीने आपल्या परंपरेत शिरला, तो स्वदेशीच्या दाराने शिरला, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

दुसऱ्या दाराने तोच प्रश्न आणखी आधी आलेला होता. युजेन सँडो याने १९०४-०५ च्या सुमारास भारताचा दौरा केला. त्याचे शरीर हा त्याच्या खेळाचा एक मोठा भाग होता. वजन उचलण्याइतकेच ते दाखविण्याला महत्त्व होते. बंगळूरच्या के. व्ही. अय्यर यांनी १९३० च्या दशकात शरीरसौष्ठवाची जी शाळा चालविली, तीत दंड, बैठका, आसने आणि बारबेल एकत्र नांदत होती, आणि पत्रद्वारा पाठ पाठविण्याची सोय असल्याने तिचे शिष्य दूरदूर पसरले. मुंबईचे रमेश बाळसेकर, जे उत्तरायुष्यात वेदान्ताचे प्रवक्ते म्हणून ओळखले गेले, ते अय्यरांच्याच तालमीत घडलेले. १९५१ मध्ये मनतोष राय आणि १९५२ मध्ये मनोहर ऐच या बंगाली व्यायामपटूंनी लंडनला मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपापल्या गटात यश मिळविल्यानंतर तर ‘श्री’ किताबांच्या स्पर्धांना देशात सर्वत्र प्रतिष्ठा आली. या स्पर्धांत परीक्षक समोर बसलेला असतो आणि तो छातीचे भाग पाडून पाहतो.

आता बाक कोठून आला ते पाहू. वजन पाठीवर निजून ढकलण्याचा प्रकार आरंभी बाकाशिवाय, जमिनीवरच चाले. जॉर्ज हॅकेनश्मिट या मल्लाने १८९९ मध्ये जमिनीवर निजून ३६१ पौंड, म्हणजे सुमारे १६४ किलो वजन ढकलल्याची नोंद प्रसिद्ध आहे. हॅकेनश्मिट कुस्तीगीर होता हे विसरू नये. त्याच्या काळातील, १९१० मध्ये लंडनला झिबिस्कोशी लढलेला आपला गामा दंड-बैठकांवर वाढला, आणि हे दोघे दोन निराळ्या वाटांनी एकाच प्रकारच्या छातीकडे पोहोचले होते. जमिनीवर निजले म्हणजे कोपरे मातीला टेकतात व गती अर्ध्यावर तुटते. ती पूर्ण व्हावी म्हणून शरीर बाकावर उचलले गेले. कॅनडाच्या डग हेपबर्नने १९५० च्या दशकाच्या आरंभी ५०० पौंडांचा पल्ला गाठला तेव्हा या प्रकाराकडे सर्वांचे लक्ष वेधले, आणि १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ स्थापन झाल्यावर तर तो मान्य स्पर्धाप्रकार ठरला.

कोनाचा पहिला जाहीर तंटा मात्र बाकावर झालेला नाही. तो उभ्या माणसावरून झाला. ऑलिंपिकमध्ये वजन खांद्यापासून डोक्यावर ढकलण्याचा, म्हणजे ‘प्रेस’चा, स्वतंत्र प्रकार होता. स्पर्धक कंबरेतून मागे झुकू लागले, आणि ते झुकणे इतके वाढले की उभा माणूस जवळजवळ तिरप्या बाकावर निजल्यासारखा दिसू लागला. कारण उघड होते. धड मागे कलले की छातीचा मोठा स्नायू खांद्याच्या मदतीला धावतो. किती झुकणे क्षम्य, किती नाही, हे परीक्षकांना ठरविता येईना. शेवटी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकारच रद्द झाला. कोनाने छातीचे काम बदलते हे प्रयोगशाळेच्या आधी या लबाडीने सिद्ध करून ठेवले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

शरीररचनेची बाजू थोडक्यात अशी. छातीचा मोठा स्नायू, ज्याला पेक्टोरॅलिस मेजर म्हणतात, तो पंख्यासारखा पसरलेला आहे. त्याचा वरचा भाग गळ्याजवळच्या आडव्या हाडापासून निघून खाली व बाहेर उतरतो. मोठा मधला व खालचा भाग उरोस्थी आणि फासळ्यांच्या कूर्चांपासून निघतो. आणि दोन्ही भाग भुजेच्या हाडावर एकाच कडेला येऊन चिकटतात. तंतूंच्या दिशा भिन्न असल्यामुळे भुजा कोणत्या दिशेने ढकलावयाची यावर कोणत्या भागाने अधिक राबावे हे ठरते. तर्क सरळ आहे. प्रयोगांची उत्तरे तितकी सरळ आली नाहीत. बार्नेट, किपर्स व टर्नर यांनी १९९५ मध्ये स्नायूंतील विद्युत्क्रिया मोजली, तेव्हा तिरप्या बाकावर वरचा भाग सपाट बाकापेक्षा अधिक राबत असल्याचे दिसले नाही. खांद्याचा पुढचा स्नायू मात्र कोनाबरोबर अधिक तापत गेला. ट्रेब्स व सहकाऱ्यांना २०१० मध्ये ४४ अंशांवर वरचा भाग अधिक क्रियाशील आढळला. रॉड्रिगेझ-रिडाओ व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ०, १५, ३०, ४५ व ६० असे पाच कोन घेतले आणि वरच्या भागाची क्रिया ३० अंशांवर सर्वाधिक, ४५ च्या पुढे छातीचे काम घटून खांद्याचे वाढते, असा निष्कर्ष काढला. विद्युत्क्रिया म्हणजे वाढ नव्हे, असा आक्षेप येथे घेता येतो व तो रास्त आहे. परंतु त्याच वर्षी ब्राझीलमधील शावेस व सहकाऱ्यांनी नवशिक्या तरुणांच्या स्नायूंची जाडीच आठ आठवड्यांनी मोजली, आणि तिरप्या बाकाच्या गटात वरच्या भागाची वाढ अधिक आढळली. एवढ्यावरून आज असे म्हणता येते की, सपाट बाक हा छातीच्या बहुतेक भागासाठी पुरेसा आहे, वरच्या कडेसाठी सुमारे ३० अंशांचा उतार सार्थ आहे, आणि ४५ च्या वरची खाच ही खांद्याची खाच होय.

आता वृद्धांच्या दाव्याकडे परतू. ‘पाय विटेवर ठेवून दंड काढला की तिरप्या बाकाचे काम होते’ असे वारंवार ऐकू येते. हे गणिताने तपासता येते. दंडातील गती क्षणभर बाजूस ठेवून सरळ शरीराचा विचार करू. १७० सेंटिमीटर उंचीच्या मनुष्यात खांद्यापासून पायाच्या बोटांपर्यंतचे अंतर सुमारे १४०, हाताची लांबी सुमारे ६० धरावी. हात सरळ असताना खांदा जमिनीपासून ६० वर आणि पाय जमिनीवर. म्हणजे धडाचा उतार सुमारे २५ अंशांचा, आणि तोही डोके वर असलेला. बाकाच्या भाषेत हा उलट्या उताराचा बाक झाला. कोपरे पूर्ण वाकून खांदा १५ सेंटिमीटरांवर आला की उतार ६ अंशांवर येतो, म्हणजे जवळजवळ सपाट. पायाखाली १० सेंटिमीटरांची वीट ठेवली तर हे आकडे २१ व २ होतात. तिरप्या बाकाचा येथे मागमूस नाही. खालच्या बिंदूला ३० अंशांचा खरा उतार हवा असेल तर पाय ८५ सेंटिमीटर, म्हणजे स्वयंपाकघरातील ओट्याइतके उंच ठेवावे लागतील. वरच्या बिंदूलाही तोच हवा असेल तर १३० सेंटिमीटर. याउलट हाताखाली विटा घेणारा छातीला खाली जाण्यास अधिक जागा देतो हे खरे, पण त्याचा उतार उलट्या दिशेनेच वाढतो. दंडातील तिरपेपणा विटेतून येत नसून कंबर उचलण्यातून येतो. ज्या शाळेत घाईघाईने कंबर खालीच ठेवून दंड उरकले जातात, तेथे दंडाचा तो भाग नाहीसा झालेला असतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या मते वस्तादाच्या ‘कंबर वर’ या हाकेत जे ज्ञान साठविलेले होते, ते विटेच्या गोष्टीत विकृत होऊन उरले आहे.

वजनाचा हिशेबही असाच प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. सरळ शरीराच्या जोरात शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हातांवर येतो, पाय ६० सेंटिमीटर वर ठेवल्यास सुमारे तीन-चतुर्थांश. ६० किलोच्या मुलाला म्हणजे ४० ते ४५ किलो. बाकावर हा आकडा आठवड्याला वाढविता येतो, जमिनीवर तो स्वतःच्या वजनाशी बांधलेला आहे. यामुळे आखाड्याला वाढीचा एकच मार्ग मोकळा होता, तो संख्येचा. पन्नासाचे शंभर, शंभराचे पाचशे. मल्लांच्या दंडांच्या प्रचंड आकड्यांकडे भाकडकथा म्हणून पाहण्याचे कारण नाही, ते त्या पद्धतीच्या रचनेतूनच निघतात. हा मार्ग निष्फळ होता असेही नाही. जपानमध्ये किकुची व नाकाझातो यांनी २०१७ मध्ये हलक्या वजनाचा बेंच प्रेस आणि तितक्याच भाराचे जमिनीवरील जोर यांची आठ आठवडे तुलना केली, तेव्हा दोन्ही गटांत छातीच्या स्नायूची वाढ सारखीच दिसली. स्नायू थकेपर्यंत राबला पाहिजे. तो लोखंडाखाली राबला की मातीवर, हे त्याला कळत नाही. पण कमाल शक्तीची गोष्ट निराळी. एका वेळी दीडशे किलो ढकलावयाचे असेल तर दंडांची कोणतीही संख्या तेथवर नेणार नाही, आणि हे मान्य करण्यात आखाड्याचा अपमान नाही, कारण आखाड्याने ते मागितलेच नव्हते.

मग आजचा वऱ्हाडी तरुण छातीकडून काय मागतो? येथे प्रश्न केवळ इतिहासाचा राहत नाही. अमरावती व अकोला या जिल्ह्यांतून दरवर्षी मोठ्या संख्येने मुले पोलीस व सैन्याच्या भरतीसाठी तयारी करतात. शेती कोरडवाहू, कापसाचा भाव बेभरवशाचा. वर्दी म्हणजे घराचा आधार. महाराष्ट्र पोलीस शिपायाच्या भरतीत पुरुष उमेदवाराची छाती न फुगविता ७९ सेंटिमीटरांहून कमी नसावी आणि फुगविल्यावर किमान ५ सेंटिमीटरांनी वाढावी, अशी अट आहे. ही मुले वर्गणी भरून व्यायामशाळेत जातात, आणि तेथे त्यांना तिरप्या बाकाच्या तिसऱ्या की चौथ्या खाचेविषयी सल्ला मिळतो. वस्तुतः मोजपट्टी स्तनाग्रांच्या पातळीवरून फिरते. गळ्याजवळच्या कडेचा उठाव तिला जवळजवळ दिसत नाही. ७९ चा आकडा गाठण्यास सपाट बाक, साधे दंड आणि पाठीचे व्यायाम पुरतात, कारण पट्टी पाठीवरूनही जाते. आणि ५ सेंटिमीटरांची वाढ तर स्नायूंच्या जाडीची नव्हेच. ती फासळ्यांच्या हालचालीची व श्वासाची आहे. तेथे कामास येतो तो दम. साध्या दंडाच्या शेवटी छाती वर उचलून, मान मागे टाकून जो पूर्ण श्वास घेतला जातो, त्याला सपाट वा तिरप्या बाकावर जागाच नाही. बाकावरचा मनुष्य वजनाखाली श्वास रोखून धरतो.

शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणाला या विषयावर काम करावयाचे असल्यास त्याने कोनमापक घेऊन एकट्या बाकापाशी जाऊ नये. दोन्ही जिल्ह्यांच्या जुन्या वस्त्यांत व गावांत ज्यांनी वस्तादांच्या हाताखाली दंड काढले असे वृद्ध अद्याप भेटतात. त्यांना प्रकारांची नावे विचारावीत, प्रत्येक नावाचा दंड शक्य असेल तर तरुणाकडून करवून त्यांच्यासमोर दुरुस्त करून घ्यावा, कंबर किती वर, नजर कोठे, श्वास केव्हा, हे त्यांच्याच शब्दांत टिपावे, आणि मग कोन मोजावा. दुरुस्ती करताना वस्तादाचा हात विद्यार्थ्याच्या शरीरावर कोठे पडतो याचीही नोंद घ्यावी. बहुतेकदा तो छातीवर पडणार नाही, कंबरेवर पडेल.